तिसरा पुकारा

काही जागाच अशा असतात की तिथे किस्से साठत जातात. कोणी मागत नाही, पण टाकवतही नाहीत. काउंटी कोर्टाच्या तळघरातले माझ्याकडे असेच साठलेत. सांगायला बसले की हसत सुरू करते, पण हसत संपवणं अजून जमलेलं नाही. तरी सांगते.

साल दोन हजार चार. मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अमेरिकेत आलेली. नोकरीची परवानगी नाही. ईडन प्रेरीच्या अपार्टमेंटमध्ये बसून किती पोळ्या फ्रीझ करणार? म्हणून तासभर ड्राइव्ह करून एका छोट्या काउंटीच्या (आपल्याकडचा तालुका म्हणा) कोर्टाच्या तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये व्हॉलंटिअर म्हणून जायला लागले. मिनेसोटा राज्य व्हायच्या आधी नुसती टेरिटरी होती. त्या काळातल्या कोर्टाच्या कागदांची कॉम्प्युटरवर यादी करायची होती. तिथला प्रमुख वॉल्टर. सत्तरीचा, कमी बोलणारा.

सोबत मी देवकाकांना न्यायचे. आमच्या शेजारच्या मिलिंदचे वडील, नागपूरच्या जिल्हा कोर्टातून शिरस्तेदार म्हणून रिटायर झालेले. काकू गेल्यावर मुलाकडे आले आणि दिवसभर खिडकीतून पार्किंग लॉट बघत बसायचे. मला बघवेना.

*

पहिल्याच दिवशी वॉल्टरने एक कागद पुढे केला. दीडशे वर्षांपूर्वीचं वळणदार इंग्रजी अक्षर, शाई उडालेली. आमच्याआधी कामाला आलेल्या कॉलेजच्या पोरींनी हात टेकले होते. काकांनी चष्मा पुसला आणि घडाघडा वाचून दाखवलं.

वॉल्टर बघतच राहिला. "हे तुम्हाला कसं जमलं?"

"चाळीस वर्षं जज्जसाहेबांचं अक्षर वाचलं," काका म्हणाले. "हे तर छापल्यासारखं आहे."

*

त्या काळी अख्ख्या टेरिटरीला जज्ज तीन. एकेकाचा जिल्हा एवढा मोठा, की साहेब घोड्यावरून येणार, जमेल तिथे कोर्ट भरवणार. कुणाचं दुकान, कुणाची खानावळ. एका कागदात सापडलं की एकदा जज्ज बर्फात अडकले. गाईवरून भांडणारे दोन शेतकरी खानावळीत आठ दिवस वाट बघत बसले. नवव्या दिवशी साहेब पोचले, तर दोघांचं केव्हाच मिटलेलं.

काका हळहळले. "आमच्याकडे साहेब रोज वेळेवर यायचे. म्हणून तर केसेस वीस-वीस वर्षं चालल्या."

वॉल्टरला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

*

आणखी एक गंमत. नकाशावर काउंटी आखलेली असायची, पण वस्ती इतकी विरळ की तिला स्वतःचं कोर्टच नाही. मग न्यायाच्या कामापुरती ती शेजारच्या काउंटीला जोडून टाकायचे. वॉल्टरने हे समजावून सांगितलं, तसे काका म्हणाले, "म्हणजे मी. मिलिंदच्या घराला जोडलेला."

"मग मी कोण, काका?"

"तूही जोडलेलीच. फक्त तुझ्याकडे तसा शिक्का मारलेला कागद आहे."

खूप हसलो. घर आल्यावर मात्र गाडीचा बेल्ट सोडता सोडता ते म्हणाले, "जोडलेल्याने आपलं म्हणून काही मागायचं नसतं, पोरी." मी त्यांचा जेवणाचा डबा त्यांच्या हातात दिला आणि निघाले.

*

मग तो कागद आला. एका खटल्यात प्रतिवादी हजरच झाला नव्हता. क्लार्कने लिहिलं होतं, की त्याला तीन वेळा रीतसर पुकारलं, तो आला नाही, म्हणून निकाल त्याच्याविरुद्ध.

काका उभेच राहिले. "तीन वेळा! अगदी आमच्यासारखं. पट्टेवाला दारात उभा राहून तीनदा नाव पुकारणार, मगच गैरहजर धरायचं. माणूस पाणी प्यायला गेला असेल, ऐकू आलं नसेल. एका पुकाऱ्यावर कोणाला गैरहजर धरू नये."

हीच रीत त्यांच्या घरात जेवायच्या वेळी होती म्हणे. मिलिंद पहिल्याच हाकेला पाटावर. धाकटी सुनंदा मुद्दाम तिसऱ्या पुकाऱ्यापर्यंत लपून बसायची आणि मग दारात येऊन ओरडायची, "हजर आहे, बाबा!"

"ती कुठे असते?" वॉल्टरने विचारलं.

काका खाली बसले. सुनंदाने त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं. दहा वर्षं बोलणं नाही. काकू गेल्यावर त्यांनी एकदा फोन केला, ती फोनवर आली नाही. "बोलावलं, आली नाही. विषय संपला."

माझी जीभ काही ताब्यात राहत नाही. म्हटलं, "एकदाच बोलावलंत, काका?"

"घरची गोष्ट वेगळी," ते कडाडले. त्या दिवशी डबा उघडलाच नाही.

*

पुढच्या सोमवारी खिशातून भारतात फोन करायचं कॉलिंग कार्ड काढून त्यांनी वॉल्टरच्या टेबलावरचा फोन ओढला. मिलिंदसमोर करवत नव्हता, म्हणून इथे. जावयाने उचलला. "ती घरी नाही," म्हणाला. मागून कुकरची शिटी आणि तिचा आवाज, दोन्ही काकांनी ऐकलं.

"दुसरा पुकारा झाला," त्यांनी आम्हाला सांगितलं.

मी म्हटलं, तिसराही आत्ताच करून टाका. त्यांनी मान हलवली. "काहून घाई करून राहिली? तिसऱ्यानंतर निकालच असतो."

घाबरले होते हो. दिवाळीला करतो म्हणाले, मग तिच्या वाढदिवसाला. कार्ड चष्म्याच्या केसमध्ये ठेवलेलं असायचं. वॉल्टर दर सोमवारी फोन त्यांच्या बाजूला सरकवायचा आणि संध्याकाळी परत जागेवर ठेवायचा.

*

जानेवारीत काका गेले. हार्ट अटॅक, अँब्युलन्स येईपर्यंतसुद्धा थांबले नाहीत. चष्म्याची केस मिलिंदने मलाच आणून दिली. मी वॉल्टरसमोर बसून रडले. वाटत होतं, आपणच जोर करून तो फोन लावायला हवा होता.

फ्युनरल होममध्ये आम्ही पंधरा-वीस जण होतो. सुनंदाला इतक्या लवकर येणं शक्य नव्हतं, म्हणून मिलिंदने तिला फोन लावून स्पीकर ऑन केला होता. ती एक अक्षर बोलत नव्हती. गुरुजींचं आटोपलं. तिथला माणूस म्हणाला, आता न्यायला हवं.

"एक मिनिट," मागून वॉल्टर म्हणाला.

उठला, कोटाची बटणं लावली आणि दारात जाऊन उभा राहिला.

"सू-नॅन-डा देव!"

एकदाच. मग परत येऊन बसला.

मिलिंदच्या हातातल्या फोनमधून बराच वेळ नुसती खरखर येत होती. मग आवाज आला.

"हजर आहे, बाबा."