अर्थिंगच्या पट्टीखालचा रंग

बेंगळूर ही माझी शेवटची पोस्टिंग. रँक नायब सुभेदार, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक, गाव निपाणीजवळचं. फौजी म्हटला की लोकांना बर्फ आणि बंदूक दिसते. कसलं काय! माझी अर्धी नोकरी गाडीखाली उताणं पडण्यात गेली, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

युनिटमध्ये एक जुनी पेट्रोल जीप होती. नवीन गाड्या असताना ती कशाला ठेवली होती, देव जाणे. पण फायरिंग रेंजवर सामान न्यायला, इकडंतिकडं पळवायला तीच निघायची. तिचा ड्रायव्हर नाईक बसवराज, चिकोडीकडचा. मोजकं बोलणारा, हात मात्र सोन्यासारखा. त्याच्यावर एमटी हवालदार माने. सगळ्या गाड्या आणि ड्रायव्हर त्यांच्या ताब्यात. माने कोल्हापूरचे, बायको-मुलीला घेऊन जयनगरला भाड्याच्या घरात राहायचे. आवाज असा की शेवटच्या गॅरेजमधला माणूससुद्धा आपोआप सावधानमध्ये यायचा.

वर्षातून एकदा इन्स्पेक्शन होतं. त्याआधीचा आठवडा म्हणजे रंगपंचमीच. गाडीचा जो भाग हलत नाही त्याला रंग. चासी काळी, बोल्ट काळे, टायरच्या बाजूसुद्धा काळ्या. त्या दिवशी मी गॅरेजच्या दारात चहाचा मग घेऊन उभा होतो. माने बॉनेटमध्ये डोकं घालून बसवराजला सांगत होते.

"ही पट्टी राहिली बघ. खोल, खालूनवरून मार, मग लाव. वरच्यावर फासू नकोस. साहेब बोट फिरवून बघतात."

"हां उस्ताद."

पट्टी म्हणजे अर्थिंगची. इंजिन रबरी पॅडांवर बसलेलं असतं. त्यातला करंट बॅटरीकडं परत जायला एकच सरळ वाट, इंजिनपासून चासीपर्यंत गेलेली ती विणलेल्या तारांची पट्टी. तिच्या दोन्ही टोकांखाली धातू उघडा पाहिजे. हे मला झोपेतही सांगता येतं. मी ते शब्द ऐकले, चहा संपवला आणि पुढं गेलो.

इन्स्पेक्शन झकास झालं. जीपला शाबासकी मिळाली.

आठवड्यानं बसवराज आला. "साहेब, चढाला गाडी झटका देतीय. सेल्फपण जड मारतोय. कधी कधी."

"कधी कधी म्हणजे?"

"पाहिजे तेव्हा देत नाही."

मी प्लग काढले, पुसले, लावले. यार्डात दोन फेऱ्या मारल्या. एक झटका नाही. "गाडी ठीक आहे," मी म्हणालो, "तुझाच पाय जड झालाय." सगळे हसले. बसवराजही हसला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारी. मी कंट्रोल रूममध्ये ड्यूटीला होतो. शहराबाहेरच्या रेंजवर फायरिंग चालू होतं. वायरलेस सेटवर आवाज आला, हवालदार माने के सीने में दर्द. अॅम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. रेंजवर उभी होती ती जीप. मी ऑर्डर पास केली, जीप से निकलो. बसवराज, माने आणि मानेंना धरायला एक जवान, असे तिघं निघाले.

मग सेटवर बसवराज.

"कंट्रोल, जीप बंद पड़ गई. ओव्हर."

"लोकेशन? ओव्हर."

"इलेक्ट्रॉनिक सिटीचा वरचा पूल. रॅम्पवर. ओव्हर."

सेटवर मराठी बोलायची नसते. त्याला भान नव्हतं, आणि मलाही राहिलं नाही.

"चोक मारू नकोस. थांब, मग सेल्फ मार."

"मारला साहेब. स्वल्प चालतीय, गियरमध्ये जोर लावला की परत मरतीय. उस्ताद घामानं भिजलेत."

"प्लगच्या वायरी हलवून बघ."

"हलवल्या."

पूल असा की थांबायला जागा नाही. मागून गाड्या हॉर्न देत होत्या, ते मला सेटवरून ऐकू येत होतं. मी आणखी दोन-तीन गोष्टी सांगितल्या. सगळ्या चुकीच्या. शेवटी एका टॅक्सीवाल्यानं गाडी आडवी घातली आणि मानेंना मागच्या सीटवर घेतलं. हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत ते गेले होते. डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर कदाचित. तो 'कदाचित' मला अजून छळतो.

जीप टो करून आणली. सीओ साहेबांनी एवढंच म्हटलं, "फॉल्ट ढूंढो." मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. प्लग नवे, वायरी नव्या. पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला. कॉइल तापवून पाहिली. पेट्रोलचा फिल्टर, पंप, कार्बोरेटर, सगळं खोललं. उभ्या जागी इंजिन शिवणयंत्रासारखं चालायचं. मी तिला शिव्या घातल्या. मग वाटलं, अरे, ही उभी असताना कधी मेलीच नाही, ही जोर लावताना मरते. मागं वाळूची पोती भरली, लोडिंग रॅम्पला लावली, आणि एका जवानाला क्लच हळूहळू सोडायला सांगितलं. इंजिन जोर लावताना पॅडवर एका अंगाला कललं, आणि फट्! झटका. मीटरची एक वायर इंजिनला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. काटा पडून राहायला हवा होता, तो वर उडाला. जम्पर केबलनं दोन्ही जोडले, तर तीच जीप पोत्यांसकट रॅम्प चढून गेली.

मी पट्टी खोलली. खाली काळा, चकचकीत, निगुतीनं मारलेला रंग. बोल्टच्या कडेला नखाएवढी जागा खरवडली गेली होती, तेवढ्यावर सगळं इंजिन चालत होतं. कललं की तेही सुटायचं. दारातला चहा आठवला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीला आत जायच्या आधी बसवराजनं मला गाठलं.

"साहेब, उस्तादांचं नाव घ्यायचं नाही. गेलेल्या माणसावर नको. वहिनींच्या पेन्शनीला काही झालं तर?"

पेन्शन अशी अडकत नसते. मला ठाऊक होतं. तरी मी त्याच्याच कानडीत बरं म्हणालो, "सरी." मला ते सोयीचं होतं. मानेंचं नाव निघालं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तेव्हा तुम्ही कुठं होता?

आत विचारलं, रंग कुणी मारला. बसवराज उभा राहिला. "मैंने मारा साहब." आपल्या मनानं मारला, असंही म्हणाला. त्याचं प्रमोशन गेलं. नाईक म्हणूनच पेन्शनीवर आला आणि आता इलेक्ट्रॉनिक सिटीत कंपनीची बस चालवतो. त्याच पुलावरून, रोज.

मानेंच्या पत्नी, सुनंदावहिनी, जयनगरलाच राहिल्या. मुलगी तिथं शिकत होती. दरवर्षी मानेंच्या तिथीला मी जायचो. "या भाऊजी," म्हणून पाट मांडायच्या, पोटभर वाढायच्या. बसवराज रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत यायचा. त्याला घरात मज्जाव होता. "त्या ड्रायव्हरनं माझं कुंकू पुसलं," वहिनी म्हणायच्या, आणि मी खाली मान घालून भात कालवायचो. तो हार आणायचा, माझ्या हातात द्यायचा. मी तो माझा म्हणून फोटोला घालायचो. माझ्यासारखा बेशरम मीच!

गेल्या वर्षी मी ताट अर्धवट सोडलं. मी हात धुतले आणि सगळं सांगितलं. मानेंची ऑर्डर, माझा चहा, बसवराजची तक्रार, माझी थट्टा, माझी चुप्पी. संपल्यावर वहिनी म्हणाल्या, "यांनी सांगितलं ते कामाच्या ओघात सांगितलं. त्यानं ऐकलं ते हुकूम म्हणून ऐकलं. तुम्हाला तर कळत होतं, भाऊजी. आणि मी इतकी वर्षं त्या पोराला शाप देत राहिले, तुम्ही माझ्याकडं जेवत राहिलात." मग त्यांनी दार उघडून धरलं. मी बाहेर पडलो.

यंदा फोन बसवराजचा आला. वहिनींनी त्याला बायको-मुलांसकट बोलावलं होतं. "साहेब, तुमच्यासाठी बोलू का?" मी नको म्हणालो.

तरी गेलो. समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. दार उघडं होतं. बसवराजनं स्टुलावर चढून हार घातला, अगदी मधोमध, मागं सरून बघितला, पुन्हा सरळ केला. वहिनी त्याला ताटावर बसवत होत्या. मी टाचा जुळवल्या आणि मानेंना रस्त्यावरूनच सॅल्यूट केला.