सूर्यभानचा काटा आणि गोजरबाईचं डोकं

आमच्या शेजारच्या सूर्यभानने तेहतीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या मोजल्या आणि निवृत्त झाल्यावर तो डॉक्टर झाला. झाला म्हणजे त्याने स्वतःला करून घेतलं. टपालाने होमिओपॅथीचा अभ्यासक्रम मागवला, टपालानेच परीक्षा दिली आणि टपालानेच प्रमाणपत्र आलं. ते काच लावून त्याने ओसरीवर टांगलं. खाली टेबल, टेबलावर लाकडी पेटी आणि पेटीत साबुदाण्यासारख्या गोळ्यांच्या बाटल्या. जन्मभर टनांत लिहिणारा हा माणूस मला समजावून सांगायचा की औषध जितकं विरळ तितका त्याचा जोर जास्त.

"मग सूर्यभानराव," मी म्हटलं, "तुमच्या काट्यावरून रिकामी गेलेली गाडी सगळ्यात वजनदार म्हणायची."

तो हसला नाही. विनोदाला त्याच्या रजिस्टरात रकाना नव्हता.

ते रजिस्टरही कारखान्यातलंच, कोरं उरलेलं. गाडी नंबरच्या रकान्यात तो रोग्याचं नाव लिही, 'भरलेलं वजन' या मथळ्याखाली आल्या वेळची लक्षणं आणि 'रिकामं वजन' खाली गोळ्यांनंतरची. विजेची भीती वाटते का, खारट आवडतं का, झोपताना कोणती कूस, असे साठ-सत्तर प्रश्न. राहुरीतली माणसं रांग लावून बसत. सरकारी दवाखान्यात नाव विचारायच्या आत सुई टोचतात, इथे तासभर आपल्याविषयी बोलायला मिळतं आणि कोणी तरी ते शाईने लिहून घेतं. बरं वाटायला तेवढं पुरतं. सर्दी तशीही आठ दिवसांत जाते.

त्याची बायको गोजरबाई मात्र एकही गोळी तोंडात धरत नसे. तीव्र वासाने औषधाचा गुण जातो म्हणून त्याने घरात कापूर, हिंग आणि कांदा बंद केला होता. ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन कांदा-भाकर खायची. "असलं कसलं मेलं अवशिद," म्हणायची, "कांद्याला भितंय!"

१५ फेब्रुवारी १९९६, गुरुवार. बाजाराचा दिवस. सूर्यभान लुनावर, मागे गोजरबाई एका अंगाने बसलेली, मांडीवर पिशव्या. कारखान्याच्या बैलगाड्यांनी रस्ता भरलेला. तो तिला अर्धशिशीच्या लक्षणांवर काही तरी सांगत होता. रस्त्यावरच्या उंचवट्यावर लुना उडाली आणि गोजरबाई मागच्या मागे डोक्यावर पडली. हा बोलतच पुढे गेला. भाजी बाजारात लुना उभी करून त्याने हात मागे केला, "पिशवी दे गं," तेव्हा त्याला कळलं की मागे कोणी नाही.

तिला रस्त्यावरून उचललं ते सहादेवने. हा आमच्याच गल्लीतला, नगर-राहुरी काळी-पिवळी जीप चालवणारा. अकराला दहा कमी असताना त्याने तिला घरी आणलं. मी गेले तेव्हा ती बाजेवर बसली होती आणि तिला शोधत मागे फिरलेला सूर्यभानही पोचला होता. कानामागे टेंगूळ होतं, पण रक्त नव्हतं.

"रक्त न्हाई ना? मुका मार हाय," सूर्यभान म्हणाला आणि त्याने आर्निकाच्या चार गोळ्या तिच्या जिभेवर ठेवल्या. या वेळी तिने त्या थुंकून टाकल्या नाहीत, तेव्हाच मला बरं वाटलं नाही.

"वहिनी, आज बाजार हाय का?" तिने मला विचारलं.

"आहे ना. तिथेच निघाला होतात तुम्ही."

"व्हय का," म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, "वहिनी, आज बाजार हाय का?" पाव तासात पाच वेळा. कशी पडली ते तिला काहीच आठवत नव्हतं. सकाळी काय खाल्लं तेही नाही.

आमच्या शाळेत प्रथमोपचार शिकवणाऱ्या सिस्टरनी बजावून सांगितलं होतं, की डोकं आपटलेलं माणूस तेच तेच विचारू लागलं तर जखम दिसो वा न दिसो, आतला मेंदू हादरला आहे असं धरा. त्याला एकटं सोडू नका. ओकारी झाली, गुंगी वाढली, बोलणं अडखळलं, तर एक क्षणही थांबू नका. मी हे सूर्यभानला सांगितलं. तो मान डोलावत राहिला, आणि मला वाटलं पटलं. तो लिहून घेत होता. 'तोच प्रश्न वारंवार. विस्मरण, सकाळचे.' त्याने पुस्तक उघडलं आणि अशा लक्षणाला काय द्यावं ते शोधू लागला.

सव्वा वाजता तिला ओकारी झाली.

"झालं!" सूर्यभान उठूनच उभा राहिला. चेहरा असा खुलला जणू मुलगा झाला. "बघा वहिनी, औषध लागू पडलं. रोग आधी उसळतो, मग उतरतो."

"उसळला तो मेंदूतला मार आहे. डॉक्टरकडे न्या."

"तुमच्या डॉक्टरला तीन टाके आन् एक इंजेक्शन, एवढंच येतं. मी माझ्या बायकूला मारीन का?"

तो तिला मारणार नव्हता, ते दिसतच होतं. सकाळपासून तो तिच्या बाजेशेजारून हलला नव्हता, जेवला नव्हता, दर अर्ध्या तासाने नाडी मोजत होता. असल्या माणसाशी भांडणं अवघड. लबाड असता तर मी तेव्हाच गल्ली गोळा केली असती. त्याच्या प्रेमळपणापुढे माझंही शहाणपण पांगळं झालं आणि मी घरी जाऊन वरण-भात खाल्ला. ही नोंद मी खोडलेली नाही.

पावणेचारला परत गेले. गोजरबाई झोपली होती. सूर्यभान म्हणाला, "गाढ झोप लागली. शांती आली."

मी तिला हाक मारली. हलवलं. खांद्याला चिमटा काढला तेव्हा ती काही तरी पुटपुटली, पण शब्द नव्हता. दोन्ही डोळ्यांच्या पापण्या वर केल्या. डावी बाहुली उजवीपेक्षा मोठी.

"हे पाहिलंत?"

"पाहिलं की. साडेतीनला लिवलंय." त्याने रजिस्टर माझ्यापुढे केलं. खरंच लिहिलं होतं. ओकारी दोनदा. डोकेदुखी डावीकडे. बोलणे जड. झोप वाढती. डावी बाहुली मोठी. सुंदर अक्षर, प्रत्येकापुढे वेळ. कोणत्याही दवाखान्यात याहून नेटकी नोंद नसेल. डोळे उघडे ठेवून त्याने एकेक खूण टिपली होती, आणि या सगळ्या खुणा मिळून एकच गोष्ट सांगताहेत हे त्याला दिसत नव्हतं.

"मग बसलात काय?"

"वहिनी, लक्षणं अजून बदलतायत." तो मला शिकवल्यासारखा म्हणाला. "काट्यावर गाडी चढली की काटा डुलतो. डुलत्या काट्याचा आकडा लिवायचा नस्तो. तेहतीस वर्षांत मी एकदा बी लिवला न्हाई. जरा थांबू द्या, मग नेमकं औषध निघंल."

तेव्हा मला कळलं की हा माणूस दिवसभर कशाची वाट पाहत होता.

"थांबेल ना काटा," मी म्हटलं. "संध्याकाळपर्यंत अगदी स्थिर होईल. मग आकडा लिहा आणि वर हारही घाला."

सहादेव पडलेल्या बाईची चौकशी करायला दारात आला होता. त्याने नुसतं तिच्या श्वासाकडे पाहिलं. "काका, घाटात ट्रक पलटला तवा आमचा क्लीनर असाच घोरत हुता. आमी म्हनलो झोपलाय. झोपू दिला. न्हाई उठला."

या सातवी नापास पोराला कोणी टपालाने प्रमाणपत्र पाठवलं नव्हतं.

"गाडी लाव," मी सांगितलं. सूर्यभानला विचारलं नाही. सहादेवने आणि मी बाजेसकट तिला उचललं, तर हा उंबऱ्यात हात पसरून उभा.

"वहिनी, दवाखान्यात फिनेल, स्पिरिट... वासानं औषध मरंल!"

"मरू द्या औषध! सरका."

तो सरकला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने न नोंदवता काही केलं असेल. चपला न घालता जीपमध्ये चढला आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं.

नगरला पोचलो तेव्हा अजून उजेड होता. डोक्याचा फोटो काढला. कवटीच्या आत रक्ताची गाठ, मेंदूला दाबत होती. सर्जनने विचारलं, पडल्या कधी, ओकारी कधी, शुद्ध कधी हरपली? मी वेळा सांगितल्या. सर्जनने घड्याळाकडे पाहिलं आणि तो एवढंच म्हणाला, "दुपारी दोनला आणायला काय झालं होतं?" मी सूर्यभानकडे बोट दाखवू शकले असते. माझा वरण-भात मला आठवला.

गोजरबाई वाचली. अठरा दिवसांनी घरी आली, डोकं भादरलेलं, कानावरून टाक्यांची कमान. महिनाभर नातवंडांची नावं अदलाबदल करायची. वास मात्र गेला तो कायमचा. दूध जळून घरभर धूर झाला तरी तिला पत्ता नसायचा.

आणि सूर्यभान? मला वाटलं होतं, पेटी आडात टाकील. आठवड्यात ओसरीवर रांग पुन्हा सुरू. "आर्निकानं दम धरून ठेवला म्हनून ती ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचली," तो प्रत्येकाला सांगे. लोक माना हलवत. उलट रांग वाढली. बायको कवटी फोडून परत येते, तर डॉक्टर काही साधा नसणार, हा आमच्या गावचा हिशेब.

गोजरबाईने त्याच्याशी वाद घातला नाही. ती ओसरीच्या पायरीवर येऊन बसू लागली, तांदूळ निवडत. येणाऱ्याला विचारायची, काय होतंय? खोकला, खाज, पित्त असलं की आत जाऊ द्यायची.

जूनमध्ये गावातली साळूबाई सासऱ्याला हाताला धरून घेऊन आली. "कडब्याच्या गंजीवरून पडले मामा. डोकं आपटलंय. सारखं इचारत्यात, बैल बांधले का, बैल बांधले का."

गोजरबाईने डोक्यावरचा पदर मागे केला आणि मान वळवून कानावरची कमान तिला दाखवली. काही समजावलं नाही. "सहादेवची जीप कोपऱ्यावर उभी हाय. पळ."

साळूबाई वळली. आतून सूर्यभानचा आवाज आला, "कोन आलंय गं? आत पाठव की."

"कुनी न्हाई," गोजरबाई पदर सावरत म्हणाली, "रस्ता इचारत हुती."