‘सांत्वन’चे अ‍ॅडमिन

जगातलं दुःख देवाने केवळ आपल्याला मीम बनवता यावं म्हणून निर्माण केलंय, अशी आमच्या साडूंची प्रामाणिक समजूत होती. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. सानपाड्याला आमच्याच सोसायटीत समोरच्या विंगमध्ये राहतात, त्यामुळे मला सुटका नाही. पन्नाशी ओलांडलेली, केस विरळ, चष्मा कायम नाकावर घसरलेला, कपाळाला गंध. बघणाऱ्याला वाटावं, गृहस्थ सत्यनारायण सांगून घरी चाललेत. प्रत्यक्षात त्या क्षणी ते कुठल्यातरी कोसळलेल्या पुलाच्या फोटोखाली कुठली ओळ टाकावी या विवंचनेत असायचे. पूल पडो, बँक बुडो, कुणाचं लग्न मांडवात मोडो, बातमी सांगणाऱ्याचा श्वास खाली बसायच्या आत ‘सांत्वन’ ग्रुपवर साडूंचं मीम हजर! हो, सोसायटीच्या त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नावच ‘सांत्वन’; अ‍ॅडमिन अर्थात साडू. डीपीला पांढरी फुलं. सोसायटीत नव्याने आलेल्या एक बाई त्या फुलांना भुलून पहिल्याच दिवशी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकून बसल्या आणि मग कोण गेलं म्हणून घरोघर विचारत फिरल्या.

या विषयात त्यांचं एक शास्त्र होतं. “साडूभाऊ,” ते मला सांगायचे, “विनोद सुतकातच झाला पाहिजे. तेराव्यानंतर केला की त्याचा निबंध होतो.” मी म्हणायचो, अहो, पण तिथे माणसं रडताहेत. त्यावर ते चष्म्यावरून बघत म्हणायचे, “रडणारे काय आपल्या ग्रुपवर आहेत?” या युक्तिवादापुढे बोलणार काय, कप्पाळ! बरं, माणूस दुष्ट म्हणावा तर तसंही नाही. सोसायटीत कुणाला रक्त लागलं तर बाही वर करून पहिले उभे राहणार हेच. आणि मीमच्या बाबतीत त्यांनी स्वतःलाही कधी सूट दिली नाही. स्कूटरवरून घसरून पाय मोडला तेव्हा मी धावत गेलो, तर हे स्ट्रेचरवरून वॉर्डबॉयला सांगत होते, “जरा डावीकडे घ्या हो, उजेड येत नाही.” प्लॅस्टर व्हायच्या आधी त्यांच्या वाकड्या पायाखाली ‘सोसायटीच्या कामाची दिशा’ असं लिहून फोटो ग्रुपवर पडला होता. आमच्या सासऱ्यांची बायपास झाली तेव्हाही यांनी ऑक्सिजन मास्क लावलेल्या सासऱ्यांचं मीम केलं. मेहुणी आठवडाभर नवऱ्याशी बोलली नाही. सासऱ्यांनी मात्र शुद्धीवर आल्यावर ते मागून घेतलं आणि टाके दुखेपर्यंत हसले.

एवढं कौशल्य आलं कुठून म्हणाल, तर नोकरीतून. उरणजवळ द्रोणागिरीच्या एका गोदामात साडू फुटलेल्या मालाचे विम्याचे दावे बघतात. दिवसभर समोर काय, तर चेपलेले फ्रिज, भिजलेल्या गाद्या, तडकलेली संडासची भांडी. तिथे फोटो कसा पाठवायचा याचा त्यांचा दंडक ठरलेला: नुकसान तेवढं ठेवायचं, बाकी कापायचं. भिंत कापा, फोर्कलिफ्ट कापा, मागे डबा खात बसलेला माणूस कापा. या कापाकापीत त्यांची बोटं अशी तयार झाली होती की कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून, आवाज बंद करून, उरण येईपर्यंत ते चार दुर्घटना सोलून काढायचे. घरच्या फोटोंवरही तोच हात. मेहुणीच्या मंगळागौरीच्या एका फोटोत नुसती करपलेली पुरणपोळी आहे, बाकी सगळ्या बायका गायब.

दुसरा नाद माशांचा. दर रविवारी पहाटे पामबीच रोडने दिवाळे कोळीवाड्याच्या बंदरावर, कापडी पिशवी घेऊन. माझं काम पिशवी धरायचं. तिथल्या एका मावशींकडूनच ते मासळी घेणार; आमची लग्नं झाली तेव्हापासूनचा हा रिवाज. मावशींच्या पाटीसमोर ते उकिडवे बसायचे, हलव्याचे कल्ले उचलून बघायचे, पापलेटाच्या पोटावर बोट दाबायचे, आणि सगळा संवाद माशांकडे बघूनच चालायचा. “मावशी, हा कालचा.” “कालचा तुजा बापूस! आत्ता उतरवलाय होडीतून.” मग दोघांचं भांडण, मग दोघांचं समाधान. मासा ताजा की शिळा हे साडू लांबून, वासावरून सांगतील. अशा माणसाचं काही चुकेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मेमध्ये अवकाळी वादळ झालं. सकाळी मोबाईलवर व्हिडिओ फिरायला लागले, त्यातला एक कुठल्यातरी बंदरावरचा होता. चिखलात उभी एक बाई, दोन्ही हात डोक्याला, तोंड आ वासलेलं, आकांत चाललेला. साडू बसमध्ये होते. त्यांनी त्यातलं एक दृश्य घेतलं, नुकसान तेवढं ठेवलं, बाकी कापलं, आणि उरलेल्या त्या रडणाऱ्या तोंडाखाली लिहिलं, ‘सोमवार सकाळ’. दुपारपर्यंत त्याचा स्टिकर झाला. आणि काय सांगू, असा स्टिकर झालाच नव्हता! पाणी गेलं की चेअरमन तो टाकायचे, निकाल लागला की पोरं टाकायची, मोलकरीण आली नाही की माझी बायको टाकायची. ऐरोलीपासून उरणपर्यंत त्या बाईचं तोंड माहीत नसलेला मोबाईल राहिला नाही. “साडूभाऊ,” ते मला म्हणाले, “हे आपलं अजरामर झालं.”

त्यानंतरचे काही रविवार मावशींची जागा रिकामी होती. साडू कासावीस व्हायचे, दुसरीकडची कोळंबी आणून दिवसभर तिला नावं ठेवायचे. मग एका रविवारी मावशी दिसल्या. साडूंची कळी खुलली. उकिडवे बसले, पाटीत बघितलं, आणि कपाळाला आठी घालून म्हणाले, “हे काय मावशी? बांगडा आणि मांदेली? आपला हलवा कुठाय?”

“हलवा कुटला, दादूस,” मावशी म्हणाल्या. “होडी गेली ना आमची वादलात. दुसऱ्यांकडशी इकत घेऊन इकते आता.”

तेव्हा आमच्या साडूंनी मान वर करून मावशींच्या तोंडाकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बघितलं असावं, कारण त्यांच्या हातातला बांगडा पाटीत पडला. तेवढ्यात खिशात मोबाईल वाजला. मेहुणीचा निरोप होता, कोळंबी विसरू नका, आणि खाली तोच स्टिकर. साडूंनी मोबाईल असा खिशात कोंबला की मला वाटलं, खिसा फाटतो आता. चेहरा पांढराफटक. आणि मावशी तर पुढे वाकून हळू आवाजात विचारायला लागल्या, “दादूस, तुमी शिकलेली मानसं. माजा त्यो रडतानाचा फोटू सगल्यांकडं हाय म्हनं. तुमच्यात आलाय काय?”

“मावशी, मी सगळ्यांना सांगतो काढून टाकायला. आजच सांगतो,” साडू अडखळत म्हणाले.

“काडू नको रं बाबा! मना पायजे त्यो. माज्या तोंडाचं काय, त्ये मी रोज आरशात बगते. माज्या मागं होडी हाय ना त्यात. आमचा मोबाईल होडीतच ऱ्हायला, सगलं फोटू गेलं. होडी मोडून किनाऱ्याला लागली, तिची लाकडं पन इकून झाली. म्हातारा बंदरावर येत नाय, जेवत नाय नीट. एकच इचारतो, तिचा एक तरी फोटू हाय का कुनाकडं.”

साडूंनी मोबाईल काढून स्टिकर दाखवला. दुसरं होतंच काय त्यांच्याकडे? मावशींनी तो लांब धरला, जवळ धरला, बोटाने बाजूला सरकवून बघितला. म्हणाल्या, “हिच्यात होडी कुटं हाय?”

कोळंबी न घेताच आम्ही स्कूटरवरून परतलो. घरी आल्या आल्या त्यांनी मूळ व्हिडिओ शोधायला घेतला, पण तो त्यांनी काम झाल्यावर पुसून टाकला होता; मेमरी भरते म्हणून ते सगळंच पुसायचे. मग ‘सांत्वन’वर लिहिलं, ‘त्या बाईंचा पूर्ण व्हिडिओ कुणाकडे आहे का? मागे होडी दिसणारा. अत्यंत गरज आहे.’ पाच मिनिटांत ग्रुपवर रडणाऱ्या मावशींची रांग लागली. जो तो तोच स्टिकर टाकून लोळत होता. साडूंनी लिहिलं, ‘मी मस्करी करत नाहीये.’ त्यावर चेअरमननी लिहिलं, ‘आजवरचा बेस्ट!’ साडूंनी ‘आईशप्पथ’ लिहिलं, तर लोक आणखी हसले. एकेकाला फोन लावला, तर पलीकडून हसण्याचाच आवाज. इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा गंभीर झाला होता आणि नवी मुंबईत त्याच्यावर विश्वास ठेवायला एक माणूस नव्हता. गॅलरीत बसून ते मला म्हणाले, “साडूभाऊ, मीच सगळ्यांना शिकवलं हो हे.” मला त्यांची फार दया आली. मी चहा मागवला.

शेवटी व्हिडिओ सापडला तो तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे. त्यांना मोबाईलमधलं काहीही पुसता येत नाही, आणि त्यावरून साडूंनी आजवर त्यांची यथेच्छ टिंगल केली होती. हजारो सुप्रभातांच्या, गुलाबांच्या आणि गणपतींच्या ढिगातून साडूंनी तो उकरून काढला. काकूंना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांच्या फोनचा आवाज पूर्ण सोडलेला. बसमध्ये मुका बघितलेला तो व्हिडिओ साडूंनी तिथे पहिल्यांदा ऐकला. बाई नुसती रडत नव्हती. मागे लाटेत कलंडत चाललेल्या निळ्या होडीसाठी ती ओरडत होती, “तिला धरा रं! कुनीतरी तिला धरा!” काकूंनी विचारलं, “कोणाला धरा म्हणत्येय हो?” साडूंनी व्हिडिओ परत सुरुवातीपासून लावला.

नारळी पौर्णिमेला आम्ही दिवाळ्याला मावशींच्या घरी गेलो. साडूंनी त्यातलं पूर्ण दृश्य मोठं छापून फ्रेम करून घेतलं होतं. बाहेर बंदरावर होड्यांना पताका लावलेल्या, बँड वाजत होता, आणि घरात मावशींचे यजमान, म्हातारबाबा, भिंतीला टेकून बसलेले. फ्रेम द्यायच्या आधी साडूंनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, “मावशी, तो स्टिकर मीच बनवला.” पुढे मावशींनी जे तोंड सोडलं! “मेल्या, माजं मीठ-मासं खाऊन माजंच हसं क्येलंस? तुज्या आयशीला दाकव त्यो फोटू!” शेजारपाजार दारात जमला. साडू मान खाली घालून ऐकत होते, चष्मा घसरत नाकाच्या टोकाला आलेला, तोही त्यांनी वर केला नाही. दम लागला तेव्हा मावशी थांबल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, “आता हुबा काय ऱ्हायलास? बस. नारलीभात खा.”

म्हातारबाबांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ते फ्रेमच्या काचेवरून बोट फिरवत होते, होडीच्या पुढच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत. “यो निला रंग मीच दिलता,” एवढंच म्हणाले. साडूंनी हळूच विचारलं, “बाबा, पुढे मावशी रडताना दिसतात, ते बरं नाही वाटत. त्यांना कापून नुसती होडी ठेवू का? दोन मिनिटांत होईल.”

“नको,” म्हातारबाबा म्हणाले. “काय बी कापू नको. दोगी पन माज्याच हायेत.”

‘सांत्वन’ अजून चालू आहे, पण आता तिथे साडूंचं पोट, साडूंचा दात, साडूंची हुकलेली बढती एवढंच येतं. रविवारी ते आधी मावशींच्या तोंडाकडे बघतात, “बरं हाय ना?” विचारतात, आणि मग कल्ले उचलतात, भांडण पूर्वीसारखंच होतं. स्टिकर मात्र कुणाला पुसता आला नाही. तो फिरतोच आहे. परवा सोमवारी कंपनीच्या ग्रुपवर त्यांच्या साहेबांनीच टाकला. साडूंनी नेहमीप्रमाणे उत्तर लिहिलं. ज्याच्या ज्याच्याकडून तो येतो त्याला ते हेच लिहितात: ‘हिच्या मागे एक निळी होडी आहे.’ लोकांना वाटतं, हा काहीतरी नवीन जोक असणार. ते हसरे चेहरे पाठवतात.