मॉस्कोचे जावई

रशियाचा इतिहास रशियात उभं राहून समजून घेतलेला, अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावातला एकमेव मराठी माणूस म्हणजे आमचे शेजारचे काका. निदान त्यांच्या बेसमेंटमध्ये तरी याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं.

त्या बेसमेंटमध्ये एका रशियन चित्राची भली मोठी प्रत टांगलेली होती. पाहुण्याने कोट काढायच्या आत काका त्याला खाली नेत. गाडीची जुनी एरियल हातात घेऊन ती कांडं-कांडं लांब करत आणि व्याख्यान सुरू होई. हा शपथ घेतोय तो तोतया राजपुत्र. तो बसलाय तो पोलंडचा राजा. भोवती पाद्री. मला गादीवर बसवा, मी अख्ख्या रशियाचा धर्म बदलून देतो, असा सौदा. वर जेवण गार होत असे. काकांना मात्र इतिहासाची घाई चालत नसे. एकदा एका हृदयरोगतज्ज्ञाने हळूच घड्याळ पाहिलं, तर त्याला पोलंडपासून पुन्हा ऐकावं लागलं.

"तोतयाला लबाड म्हणू नका," काका सांगत. "तो आधी कोणाला तरी हवा असतो, मग उभा राहतो. पानिपतानंतर पुण्यातही आलाच की एक. लोकांनी आधी ओवाळला, मग मारला."

शेवटी, मूळ चित्र आपण मॉस्कोत कसं पाहिलं, तेही येई. मी ऑटो कंपनीत नवा लागलो तेव्हा काकांच्या सांगण्यात त्या दिवशी मॉस्कोत थोडं बर्फ भुरभुरत होतं. चार-पाच वर्षांत तिथे कमरेएवढा बर्फ साचला. काकू जिन्यात उभ्या राहून हे ऐकत. पन्नाशी उलटलेल्या बाईच्या चेहऱ्यावर नवऱ्याबद्दल इतका अभिमान मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

माझ्या ऑफिसात नुकताच सोव्हिएत युनियन सोडून आलेला एक रशियन इंजिनिअर लागला. हे कळल्यावर काकूंनी त्याला परस्पर फराळाला बोलावलं. "ह्यांना रशियन बोलायला इथे कोणी नाही रे. तेवढंच बरं वाटेल."

काकांना बरं वाटत नव्हतं, हे मला दारातच दिसलं. त्या दिवशी त्यांनी कोणाला खाली नेलं नाही. रशियनाला काकूंनीच नेलं; काका सवयीने एरियल घेऊन मागोमाग उतरले. चित्र पाहून तो काकांकडे वळला आणि रशियनमध्ये बरंच काही बोलला. काका म्हणाले, "स्पासिबा," म्हणजे धन्यवाद. त्याने काहीतरी विचारलं. काका पुन्हा म्हणाले, "स्पासिबा." आणि एरियल एकेक कांडं आत ढकलू लागले.

"काय म्हणतायत हो?" चकल्यांचं ताट घेऊन उभ्या असलेल्या काकूंनी विचारलं.

रशियनाने काकांकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. मग इंग्रजीत म्हणाला, "तुमच्या मिस्टरांचं रशियन अगदी मॉस्कोवाल्यांसारखं आहे. मॉस्कोवाले फार बोलत नाहीत." आणि चकली उचलली. जाताना काकूंनी त्याला फराळाचा मोठा डबा दिला. तो त्याने असा घेतला, की जणू काही ठरलेलंच होतं.

त्याची गाडी गेल्यावर काका ड्राइव्हवेत उभे राहिले. "भिलाईला पोलाद कारखान्यात होतो," ते म्हणाले. "ट्रेनिंगला मला मॉस्कोला पाठवणार होते. आयत्या वेळी दुसराच गेला. आमचा रशियन फोरमन परत जाताना हे चित्र देऊन गेला. पुढे लग्न ठरताना सासऱ्यांना कोणीतरी सांगितलं, मुलगा मॉस्कोला जाऊन आलाय. त्यांना मॉस्कोचा जावई हवा होता. मी फक्त नाही म्हणालो नाही."

"काकूंना सांगा ना आता."

"तिला काय सांगू? ती पंचवीस वर्षं त्याच माणसाशी संसार करतेय."

त्यानंतर मॉस्कोत बर्फ पडला नाही. व्याख्यान राजापाशीच संपू लागलं आणि लोकांना जेवण गरम मिळू लागलं. काकू एकदा म्हणाल्या, "हल्ली तुम्ही मॉस्कोचं सांगत नाही." काका म्हणाले, "विसरायला होतं." पुढच्या हिवाळ्यात, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना, त्यांनी कम्युनिटी कॉलेजात रशियनच्या वर्गाला नाव घातलं. म्हणाले, "निदान भाषा तरी खरी असू दे."

पुरेसे विद्यार्थी मिळाले नाहीत म्हणून कॉलेजने तो वर्ग कॅन्सल केला आणि काकांना स्पॅनिशमध्ये बसवलं.