इनोसेंटचा जुना अर्थ

ताई स्कूटरवर बसायला तयार नव्हती. समता कॉलनीतल्या डॉक्टरांना तिचे रिपोर्ट दाखवून आम्ही तेलीबांध्याला घरी परतत होतो.

"मले भीती वाटून राहिली. ऑटोनं जाऊ," ती म्हणाली.

"काहून भितेस? पंधरा मिनिटांचं तर काम आहे," असं म्हणून मी तिला मागे बसवलंच.

चौकाच्या अलीकडे उलट्या बाजूने आलेल्या कारने आम्हाला उडवलं. माझं मनगट मोडलं. ताई दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

पोलिसांनी कॅमेऱ्यात पाहिलं आणि चूक कारवाल्याची, असं लिहिलं. भाऊजीही सगळ्यांसमोर म्हणाले, "हिची काहीच चूक नाही." ऑटोचं मी कोणालाच सांगितलं नाही.

ताईची मुलगी दहा वर्षांची. तिला मराठी समजतं, पण बोलते हिंदीत. दर रविवारी ती माझ्याकडे अभ्यासाला यायची. एकदा तिला शाळेतून काही इंग्रजी शब्दांचे अर्थ आणि ते कुठून आले ते लिहून आणायला सांगितलं होतं.

"मौसी, इनोसेंट मतलब?"

"ज्याची चूक नसते तो. निर्दोष."

मग कुठून आला ते मोबाइलवर शोधून तिला वाचून दाखवलं. मूळ लॅटिन. 'नोसेरे' म्हणजे इजा करणं आणि आधीचा 'इन' म्हणजे न. जुना अर्थ, इजा न करणारा. चूक असण्या-नसण्याचा तिथे उल्लेखच नव्हता. मी ते दोनदा वाचलं. पोलिसांच्या कागदावर मी निर्दोष होते, पण हा जुना अर्थ मला लागू पडत नव्हता.

"दोनों में से कौन सा लिखूँ?" पेन्सिल धरून ती वाट बघत होती.

मला राहवलं नाही. "तुझी आई ऑटोनं जाऊ म्हणत होती गं. मीच ऐकलं नाही."

तिने पेन्सिल खाली ठेवली. मग हळूच विचारलं, "मम्मी डर रही थी क्या?"

"हव."

तिने वही दप्तरात घातली आणि म्हणाली, "पापा को बुला दो."

पुढच्या रविवारी ती आली नाही. संध्याकाळी भाऊजींचा फोन आला. ते रागावले नव्हते. "लहान आहे ती. तिले सांगायचं नव्हतं," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

आता ती घराजवळच्या ट्यूशनला जाते. सणावाराला भेटते, वाकून नमस्कार करते आणि आतल्या खोलीत निघून जाते.