सर्व्हरच्या खोलीतली हाक

त्या दुपारी आम्ही दोघांनी सर्व्हरच्या पंख्यातली धूळ काढली. मी ब्रश मारत होतो, माझी बायको सुलभा बॅटरी धरून ओरडत होती, "अहो, हळू! केळीचं पान नाही पुसत." संध्याकाळी चहा टाकायला उठली ती ओट्यापाशीच कोसळली. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं...

वटार गावात आमचा केबलचा धंदा. पुढे इंटरनेटही आम्हीच दिलं. मी चौथी शिकलेला, खांबावर चढणारा, मशीन तिचं. आधी त्यात कुणीतरी पैसे न भरता टाकलेली चोरीची सिस्टिम होती, ती सारखी मान टाकायची. मग हिनं लिनक्स नावाची दुसरी सिस्टिम घातली. फुकट. मी म्हटलं, "फुकट कोण देतं? आत काहीतरी गोम असणार." म्हणाली, "वाडीतल्या केळीच्या बुडाशी फुटलेले मुनवे तुम्ही मागेल त्याला उपटून देता, त्यात काय गोम असते? आपण लावायचं, पुढे द्यायचं." दिलंही, नायगावच्या केबलवाल्याकडे स्वतः जाऊन बसवून आली.

पडद्यावरचं इंग्रजी मला वाचता येईना, म्हणून तिनं मशीनमध्ये स्वतःचा आवाज भरला. तापलं की बोलायचं, "अहो, तापलंय. खिडकी उघडा."

तेराव्यानंतर एका दुपारी पडवीत बसलो होतो आणि आतून हाक आली... "अहो." धावलो. वाऱ्यानं खिडकी लागली होती, बाकी कोणी नाही. मग खिडकी मीच लावायला लागलो. जेवलो की लावायची आणि बाहेर वाट बघत बसायचं. आता काम बघते ती आमची मुलगी मनीषा. म्हणाली, "बाबा, एसी बसवू, मशीन जळेल." मी खेकसलो तिच्यावर. एसी लागला तर मशीन तापणार नाही. मग ही बोलेल कशाला?

परवा मशीनमधून ही बोलली, पुन्हा बोलली. मी उठलोच नाही, ऐकत राहिलो. शेवटी शब्द अर्ध्यात तुटला. गावाचं नेट गेलं. शेजारची फिलूबाय फाटकातूनच ओरडली, "ओ भाऊ, दुबईचा पोरगा समोर दिसत होता माझा, गेला ना! म्हातारपणी तोंड तरी बघू द्या!"

मनीषानं मशीन उठवलं. लावलेली खिडकी तिनं पाहिली. हळूच म्हणाली, "आईचा आवाज तुमच्या फोनवर घालून देऊ?"

"नको," म्हटलं. "फोनमधून ती मला कशाला हाक मारेल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी एसीवाल्याला मीच बोलावलं. भिंतीला भोक पाडायचं होतं. मी शिडी धरून उभा राहिलो.