अभ्यासिकेतली देगलूर

नांदेडच्या त्या अभ्यासिकेत कुणी कुणाला नावानं हाक मारत नसे. गावावरूनच माणूस ओळखला जाई. पंख्याखाली बसणारे, टक्कल पडू लागलेले गृहस्थ म्हणजे चाकूर. मी मुरुड. आणि माझ्या समोर बसून, ओढणी कानामागं खोचून वाचणारी मुलगी म्हणजे देगलूर. खरं तर मुरुड माझ्या मामाचं गाव. पण माझं गाव सांगितलं की समोरचा माणूस एकदम गप्प व्हायचा, मग दबक्या आवाजात "घरचे...?" एवढंच विचारायचा. म्हणून मी मुरुड सांगत असे.

भूकंप झाला तेव्हा मी पाचवीत होते आणि गणपतीसाठी मामाकडं आले होते. मुरुडला मांडणीवरची भांडी पडली, भिंतीला चीर गेली, एवढंच. आमच्या गावात घरच उरलं नाही. आई आणि धाकटा भाऊ दगडामातीखाली गेले. वडील शेतात राखणीला होते म्हणून वाचले. मी मामाकडंच राहिले आणि वडील गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

दिवाळीत मी त्यांच्याकडं गेले होते, तेव्हा तिथं जीपमधून एक बाई आल्या. उपजिल्हाधिकारी होत्या, हे नंतर कळलं. पदर कमरेला खोचलेला, चपला चिखलानं भरलेल्या. एकेका शेडसमोर थांबून त्या विचारपूस करत होत्या. वडिलांना म्हणाल्या, "काका, पाणी कुठून आणता?" वडील सांगू लागले आणि सांगता सांगता त्यांना रडू फुटलं. भूकंपानंतर ते रडलेले मी पाहिले नव्हते. बाईंनी घाई केली नाही. ते शांत होईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी वस्तीवर टँकर आला. वडील मला म्हणाले, "अशी हो. मला दुसरं कायबी नगं." मी हो म्हणाले.

पुढं मी लातूरला कॉलेज केलं. तेव्हा लातूर क्लासांचं गाव होऊन राहिलं होतं. गल्लोगल्ली पाट्या, बोर्डात आलेल्या मुलांचे फोटो, भाड्यासाठी गच्चीवर चढवलेल्या खोल्या. पण तो सगळा थाट डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्यांचा. बी. ए. झालेल्या मुलीला तिथं कोण विचारतो? नांदेडला राज्यसेवेचा एक क्लास निघालाय असं कळलं, मुलींच्या वसतिगृहात जागाही मिळाली, आणि मी पेटी घेऊन नांदेडला आले.

देगलूरच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. घरी उर्दू, दुकानात तेलुगू, आठवडी बाजारात कन्नड आणि आयोगासाठी मराठी, असं तिचं चालायचं. पाठांतर दांडगं. राज्यघटनेची कलमं ती बांगड्यांचे साइज सांगावेत तशी सांगायची. आमची ओळख तिनंच काढली. चहाला बाहेर आलो असताना म्हणाली, "तू मुरुडची न्हाईस."

"कशावरून?"

"मुरुडच्या दोघी आमच्या खोलीत हायत. लई बोलतात. तू कुठंतरी दुसरीकडची हायस."

मी खरं गाव सांगितलं. ती गप्प झाली नाही. थोडा वेळ कप हातात फिरवत राहिली आणि म्हणाली, "अम्मी कशी होती दिसायला?" तोवर मला हे कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले आणि माझ्या लक्षात आलं की मला आईचे हात आठवतात, कपाळ आठवतं, पण चेहरा पुरता जुळत नाही. तेही मी तिला सांगितलं. तिनं समजूत घातली नाही. फक्त माझ्या चहाचे पैसे दिले.

त्यानंतर आम्ही एकाच टेबलावर बसू लागलो. मुख्य परीक्षा तेव्हा लेखी असायची. पानंच्या पानं लिहावी लागायची, बोट सुजायचं. आम्ही घड्याळ लावून उत्तरं लिहायचो आणि एकमेकींची तपासायचो. क्लासच्या सरांचा एक साचा ठरलेला होता: प्रस्तावना, मुद्दे, उपमुद्दे, आकृती, समारोप. "भावना घरी ठेवून या," असं ते पहिल्याच तासाला सांगत. त्या वर्षी त्यांचा अंदाज होता की आपत्ती व्यवस्थापनावर प्रश्न येणार, आणि आला तर आपल्याकडच्या भूकंपावरच येणार. सगळ्यांनी ते उत्तर तयार केलं. मीही केलं. दगडमातीच्या जाड भिंती, मदतकार्य, पुनर्वसन, शासनापुढची आव्हानं. सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि म्हणाले, "असं लिहायचं असतं."

देगलूरनं तेच उत्तर दोनदा वाचलं. मग विचारलं, "यात तू कुठं हायस?"

"मी तिथं नव्हतेच. मुरुडला होते."

"तसं न्हाई विचारलं."

"परीक्षेत मी कशाला लागते?" मी जरा चिडूनच बोलले. तिनं पान परत दिलं. तिनं दिलेले गुण चांगले होते.

पूर्वपरीक्षा आम्ही दोघी पास झालो. मुख्य परीक्षेला औरंगाबादला तिच्या खालाकडं, म्हणजे मावशीकडं उतरलो. रमजान होता आणि देगलूर रोजे धरून पेपर देत होती. एका पेपरानंतर जिन्यात तिला भोवळ आली. मी पाणी पुढं केलं तर तिनं मान हलवली आणि कठड्याला टेकून बसून राहिली. "लिहिलं का सगळं?" मी विचारलं. म्हणाली, "हाव. अक्षर वाकडं आलं, पण लिहिलं." आपत्ती व्यवस्थापनाचा प्रश्न आला नाही. त्या वर्षी नाही आणि नंतरही मी जेवढ्या वेळा बसले तेवढ्या वेळा नाही.

मग निकालाची वाट. कुणीतरी कोर्टात गेलं म्हणून निकाल थांबला, मग पुढची जाहिरात थांबली. त्या काळात अभ्यासिकेत कुणी मोठ्यानं हसलं तरी लोक मान वर करून बघायचे. चाकूरची वयोमर्यादा त्या वाट बघण्यातच संपली. एक दिवस त्यांच्या खुर्चीवर दुसरंच कुणी बसलेलं दिसलं, आणि आम्ही त्याला त्याचं गाव विचारलं.

निकाल लागला तेव्हा देगलूर लेखी पास झाली होती. मी नव्हते. ती माझा हात धरून बसली आणि मला तिचा हात नकोसा झाला. तरी तिच्या मुलाखतीची तयारी मीच करून घेतली. मी मुंबईच्या साहेबांसारखा आवाज काढून प्रश्न विचारायची, ती उत्तरं द्यायची. मुलाखतीहून ती खुशीत परतली. "किती भाषा येतात विचारलं. चारी बोलून दाखवल्या. हसले सगळे." शेवटच्या यादीत तिचं नाव नव्हतं. थोडक्यात गेलं, असं म्हणतात तसं गेलं.

तिचे अब्बा तिला न्यायला आले. साधा, मऊ बोलणारा माणूस. वसतिगृहाच्या फाटकाशी उभे राहून मला म्हणाले, "बेटी, मी न्हाई कधी म्हटलं का? पण हिच्यामागं अजून दोघी हायत." त्यांच्यावर रागावता येत नव्हतं. निजामाबादचं स्थळ ठरलं होतं.

सामान बांधताना मी तिला म्हणाले, "पुस्तकं मला ठेव."

"न्हाई."

मला वाटलं चेष्टा करते आहे.

"तुला न्हाई देणार," ती म्हणाली. "दिली तर तू अजून तीन-चार वरसं बसशील. तू पण सोड आता. गावाकडं जा, मास्तरीण हो, लग्न कर, कायबी कर."

"तुझं जमलं नाही म्हणून माझंही जमणार नाही का?"

पुस्तकांचे गठ्ठे तिनं माझ्यादेखत रद्दीवाल्याच्या गाड्यावर ठेवले. समासात तिच्या बारीक अक्षरातल्या टिपा असलेली ती पुस्तकं होती. मी तिला फाटकापर्यंत पोचवायला गेले नाही.

ती म्हणाली होती त्यापेक्षा जास्त वर्षं मी बसले. एकदा पूर्वपरीक्षेतच गेले, एकदा मुख्य परीक्षेत, एकदा मुलाखतीपर्यंत पोचून परत आले. मधल्या काळात तलाठ्याची परीक्षा होती, ग्रामसेवकाची होती, भूकंपग्रस्तांसाठी जागा होत्या. आमच्याच वस्तीतली पोरं लागली. मी अर्जच केला नाही. वडिलांना दिलेला शब्द छोट्या खुर्चीत बसणार नाही, असं मला वाटायचं.

वडील आता नव्या गावात, सरकारनं बांधून दिलेल्या घरात राहत. सगळी घरं एका मापाची, रस्ते सरळ. पण ते झोपायचे बाहेर, अंगणात घातलेल्या पत्र्याखाली. सुरुवातीला मी गेले की ते विचारायचे, "निकाल कधी हाय?" मग विचारेनासे झाले. कुणी आलं-गेलं तर "तिचं चालू हाय" एवढंच सांगायचे. एकदा आम्ही दोघं भाकरी खात होतो. ते मधेच म्हणाले, "ती जीपवाली बाई आता रिटायर झाली आसंल न्हाई?" मी हो म्हणाले. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

वयोमर्यादा संपली त्या दिवशी काहीच घडलं नाही. मी सवयीनं अभ्यासिकेत गेले, वर्तमानपत्रातलं संपादकीय वाचलं, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या. मग लक्षात आलं की या रेघा आता कशासाठीच नाहीत. तरी पान संपेपर्यंत मारत राहिले.

आता मी लातूरला एका क्लासमध्ये उत्तरपत्रिका तपासते. लेखी परीक्षा मधे बंद झाली होती, ती पुन्हा सुरू झाली आहे. पोरापोरींचे गठ्ठे येतात. प्रस्तावना, मुद्दे, समारोप. मी लाल पेनानं तेच लिहिते जे सर लिहायचे. लग्न झालं नाही. वडील गेले. वाईट चाललंय असं म्हणता येणार नाही, आणि बरं चाललंय असं कुणी विचारल्यावरच म्हणते.

गेल्या उन्हाळ्यात देगलूरचा फोन आला. माझा नंबर तिनं कुठून मिळवला, कोण जाणे. आवाज जाड झाला होता. बोलताना मराठीत तेलुगू मिसळत होती. तिची मुलगी दहावी झाली होती. "डॉक्टरकीसाठी लातूरला घालायची हाय. तुमच्याकडचे क्लास चांगले हायत म्हणे?"

मी म्हणाले, "चांगले आहेत."

दुसरं काय सांगणार होते? खोल्या बघायला मीच फिरले. तिसऱ्या मजल्यावरची एक ठरवली. खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडत होती, पण मेस खालीच होती. दोघी मायलेकी आल्या तेव्हा मी स्टँडवर गेले. देगलूरनं मला मिठी मारली. मुलगी आईसारखीच, ओढणी कानामागं खोचलेली. खोली पाहून ती म्हणाली, "ठीक हाय." गादीवर बसली आणि फोनमध्ये बघू लागली.

संध्याकाळी देगलूरला परत सोडायला मी स्टँडपर्यंत चालत गेले. वाटेत क्लासचे फलक, फलकांवर हसणारी मुलं.

"तू तेव्हा सोडलं न्हाईस," ती म्हणाली.

"नाही."

"मी पुस्तकं दिली असती तर?"

"तरी नसतंच झालं."

ती एका फलकाखाली थांबली. मग म्हणाली, "पोरीकडं लक्ष ठेव."

मी हो म्हणाले. गाडी नांदेडपर्यंतचीच होती, पुढची तिला तिथं बघावी लागणार होती. तिनं खिडकीची काच सरकवायचा प्रयत्न केला, ती अडकली होती. मी बाहेरून जोर लावला, तरी सरकली नाही. तोवर कंडक्टरनं बेल मारली.